उरलेले तीनशे वीस मीटर

एक किलोचं पितळी वजन उतारावरून घरंगळत चाललं होतं आणि मी त्याच्यामागे पळत होतो. पेटीची कडी नीट लागली नव्हती. ती लावली होती मीच, त्यामुळे खेकसायला जवळपास कोणी नव्हतं. बेकरीचा तराजू तपासून पायऱ्या उतरताना पेटी कलली, झाकण उघडलं आणि मखमलीच्या खळग्यांत शिस्तीत बसलेल्या नऊ वजनांपैकी नेमकं तेवढं एक बाहेर पडलं. अशा वजनाला वर धरायला बोंड असतं, त्यामुळे ते जमिनीवर आडवं पडलं की सरळ जात नाही, गोल फिरत राहतं. पण याला फुटपाथच्या कडेची पन्हळ सापडली आणि मग ते नाकासमोर निघालं. पेटी पायरीवर ठेवून मी मागे. त्रेपन्न वर्षांचा, टाय लावलेला, वजनमाप खात्यातला वरिष्ठ निरीक्षक. खिशात किल्ल्यांचा खुळखुळाट, नाकावर चष्मा उड्या मारतोय. पहिली वीस पावलं मला फक्त लाज वाटली. रस्त्यावरचे लोक आपल्याकडेच बघताहेत असं वाटत होतं, आणि ते खरंच बघत होते. विसाव्या पावलाच्या सुमारास मात्र काहीतरी झालं. पाय एका तालात पडायला लागले, खांदे आपोआप खाली आले, मुठी सैल झाल्या, आणि डोक्याला न विचारता माझं अंग एकदम खूश झालं. ते पन्नासाव्या पावलापर्यंत टिकलं. सत्तराव्या पावलाला श्वास संपला, ऐंशीला बरगडीखाली कळ आली आणि नव्वदला मी दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभा होतो. वजन पुढे गेलं. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्या बाईंनी बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि ते अडवलं.

"तुमचंच ना हे, साहेब?"

मी मान हलवली. बोलण्याइतकी हवा आत नव्हती. त्यांनी आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि वजन पदराला पुसून माझ्या मांडीवर ठेवलं. "बसा. एका किलोपायी कुणी एवढा जीव काढतं का?" मला त्यांना सांगायचं होतं की बाई, हे आता एक किलो राहिलेलं नाही, तीच तर अडचण आहे. बेकरीच्या पायरीवर होतं तोवर ते एक किलो होतं. आता त्याच्या कडेला नखाएवढा पोचा होता, पितळेचा एखादा कण पन्हळीत सांडला होता, आणि ते नक्की किती आहे हे प्रयोगशाळेतून कागद येईपर्यंत जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. अशा वजनाला आम्ही प्रमाण वजन म्हणतो. शहरातली सगळी वजनं खरी की खोटी हे त्याच्यावरून ठरतं. मी त्याला फडक्याशिवाय हात लावत नाही. बोटाचा घाम लागला तरी मला रुखरुख लागते. आणि ते बाईंनी पदराला पुसून दिलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या स्टुलावर बसून धापा टाकताना माझ्या मनात वजन नव्हतंच. ती विसावं पाऊल ते पन्नासावं पाऊल यांच्यामधली तीस पावलं होती. तीन वर्षांत माझं अंग असं आपणहून खूश झालेलं मला आठवत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी दर रविवारी सकाळी ताईबरोबर पळायचो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, शेवटी वॉर्डाची प्रमुख होऊन निवृत्त झाली. नाड्या मोजून मोजून तिला मोजायची सवय लागली की मुळात सवय होती म्हणून ती नर्स झाली, कोण जाणे. ती जिने मोजते, घास मोजते, समोरचा माणूस मिनिटात किती वेळा पापण्या मिटतो तेही मोजते, पण मोजून गप्प बसते. मी मोजलं की सगळ्यांना सांगतो, एवढाच आमच्यात फरक. शहराला पाणी देणाऱ्या तलावाभोवती एक बऱ्यापैकी सपाट रस्ता आहे. अकरा वर्षं आम्ही त्याच्या दोन फेऱ्या मारत होतो. एक फेरी पाच किलोमीटर, दोन फेऱ्यांचे दहा. हे अंतर मी स्वतः मोजलं होतं. ऑफिसातलं अंतर मोजायचं चाक, म्हणजे लांब दांडा, खाली रबरी धावेचं चाक आणि मध्ये आकडे दाखवणारी डबी, ते सही करून घरी आणलं आणि एका रविवारी अख्खा तलाव त्याला हाताशी धरून फिरवला. लोकांना वाटलं मी बाळाची मोडकी गाडी ढकलतोय. जिथे पाच हजारावा मीटर आला तिथे योगायोगाने एक हिरवं लोखंडी बाक होतं. तिथूनच मी सुरुवात केली होती म्हणजे योगायोग कसला, दहावीस मीटर इकडेतिकडे होत होते ते मी वळणं थोडी आतून घेऊन जुळवले होते. ते बाक आमचं आरंभाचं आणि शेवटचं ठिकाण झालं. दुसरी फेरी संपली की मी बाकावर कोसळायचो. ताई मात्र थांबायची नाही. ती तशीच पुढे पंपघरापर्यंत पळत जायची, भिंतीला हात लावायची आणि परत यायची. अकरा वर्षं दर रविवारी. मला वाटायचं, मिरवते. माझ्याहून मोठी असून अजून दम शिल्लक आहे हे दाखवते. मी बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत तिच्याकडे न बघण्याचा सराव केला होता.

मग तो रविवार आला. त्या दिवशी सगळं जुळून आलं होतं, हवा थंड होती, पोट हलकं होतं, आणि दुसऱ्या फेरीत मला कळलं की आज तासाच्या आत होणार. दहा किलोमीटर एका तासाच्या आत. पन्नाशीला आलेल्या माणसाचं हे एवढंसं स्वप्न, पण मी ते सहा-सात वर्षं उराशी धरून होतो. बाकाला हात लावला तेव्हा घड्याळात एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंद होते. मी ओरडलो नाही, मी ओरडणारा माणूस नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्या तीन अनोळखी माणसांना थांबवून आकडा सांगितला. ताई मागून आली, पंपघरापर्यंत जाऊन परत आली, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाली, "छान पळालास, बारक्या. मनापासून सांगते. पण हे दहा नाहीत. तुझं चाक थोडं जास्त दाखवतं."

"म्हणजे?"

"मी मैदानावर पंचवीस फेऱ्या मारून बघितल्यात. तिथे मला तीनशे साठ पावलं जास्त लागतात."

मैदानाची फेरी चारशे मीटरची असते, पंचवीस फेऱ्यांचे दहा किलोमीटर, हिशेब सरळ होता. तो मला कळला नाही असं नाही. पण एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंदांना अजून दहा मिनिटंही झाली नव्हती; ते माझ्या हातात गरम होते. मी म्हणालो की मैदानावर कुणाचा शिक्का आहे ते आधी दाखव. मी म्हणालो, पंचवीस वर्षं मी लोकांच्या मापांवर शिक्के मारतोय आणि तू मला माप शिकवतेस. ती हसली, म्हणाली, "अरे, चिडतोस काय," आणि तिथे थांबायला हवं होतं. पण मी बाकावरून उठलो आणि म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." म्हणजे तुला तासात जमत नाही म्हणून तू रस्त्यालाच नावं ठेवतेस. चौपन्न वर्षांच्या बहिणीला, जिने मला चालायला शिकवलं तिला. ताईने टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. तिचा चेहरा रागावला नाही, फक्त कामावरचा झाला, वॉर्डात नातेवाइकांशी बोलताना असायचा तसा. "चल, उशीर होतोय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी माझा गुडघा दुखायला लागला. हा गुडघा खोटा नव्हता, तो खरंच दुखत होता, डॉक्टरने सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. सहा आठवड्यांनी तो बरा झाला. पण तोवर मला त्याची सोय कळली होती. कुणी विचारलं की मी पँटवरूनच गुडघ्यावर हात फिरवायचो आणि समोरचा माणूस आपल्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागायचा. ताईशी बोलणं चालू होतं. वाढदिवस, तिच्या जिन्यातला दिवा, माझं रक्तदाबाचं औषध, सगळं. फोनवर आम्ही तलाव सोडून जगातल्या प्रत्येक विषयावर बोलायचो आणि फोन ठेवला की मला आपण काहीतरी चोरून घरी आणलंय असं वाटायचं. एकदा बायको म्हणाली, "तुमचा गुडघा गुडघ्यात नाहीये. नाकात आहे." मी तिला शरीररचनेचं पुस्तक वाचायला सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी माझे पळायचे बूट गॅलरीच्या दाराला अडण म्हणून लावले, म्हणजे वाऱ्याने दार आपटायला नको. तीन वर्षं ते दार आपटलं नाही.

वजन घरंगळलं त्या दिवशी घरी आल्यावर मी दारातून बूट काढले. दार धाडकन आपटलं. बायको स्वयंपाकघरातून डोकावली, बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसरं काहीतरी अडण शोधायला निघून गेली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती हसतेय.

तलावावर जायची छाती नव्हती. मी मालधक्क्यामागचा रस्ता निवडला. सकाळी साडेसहाला तिथे गोदामांची बंद शटरं आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभे असलेले दिव्याचे खांब, एवढंच असतं. माझा बेत साधा होता. एक खांब पळायचा, एक खांब चालायचा. पहिल्या दिवशी अंगाने मला ओळखच दिली नाही. पोटऱ्या वेगळ्या कुणाच्या तरी होत्या, पोट वर येतंय की मी खाली जातोय ते कळत नव्हतं, आणि घशात गंजलेल्या नळाची चव आली होती. चौथ्या खांबाला मला एका बाईंनी मागे टाकलं. त्या बाबागाडी ढकलत होत्या आणि फोनवर बोलत होत्या. "नाही गं, मी काय करणार, निवांत चाललेय," असं त्या फोनवर म्हणाल्या ते मला ऐकू आलं. मी थांबून नाडी बांधायचं नाटक केलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला धरून एकेक पाय खाली सोडत होतो. पण गंमत अशी की त्या दुखण्याचा मला राग येत नव्हता. ते खूप दिवसांनी आलेल्या पाहुण्यासारखं होतं, बसायला जागा मागत होतं, घरभर पसरत होतं, पण आपलं होतं. तिसऱ्या आठवड्यात दोन खांब पळून एक चालायला लागलो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मोजायचं विसरलो आणि भानावर आलो तेव्हा खांब संपून रस्ता वळला होता, आणि मी पळतच होतो. बरगडीत कळ नव्हती. एका शटरमागे कुणीतरी रेडिओ लावला होता आणि माझी पावलं त्या ठेक्यावर पडत होती. मला एकट्यालाच हसू आलं. हसताना पळता येत नाही हे मी विसरून गेलो होतो.

वजनाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी मी ते भांडारात जमा केलं. आमचं भांडार तळघरात आहे आणि तिथल्या बाई माझ्याहून जास्त काटेकोर आहेत, म्हणून माझं त्यांच्याशी पटतं. आम्ही त्यांना भांडारबाईच म्हणतो. त्यांनी पोचा भिंगातून बघितला, च् च् केलं आणि प्रयोगशाळेच्या यादीत वजनाची नोंद केली. मग म्हणाल्या, "गाडी जातेच आहे तर हेही पाठवते." कोपऱ्यातून त्यांनी लांब दांड्याचं चाक ओढून काढलं. "याची तपासणी सोळा वर्षं झालेली नाही. लेझरची उपकरणं आल्यापासून कुणी नेलंच नाही. शेवटची सही बघा कुणाची आहे ती." त्यांनी जुनं रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. सही माझी होती. चौदा वर्षांपूर्वीचा शनिवार. कारणाच्या रकान्यात मी 'क्षेत्रीय तपासणी' असं लिहिलं होतं. त्याआधी दोन वर्षं ते तपासलेलं नव्हतं, आणि मी न बघता नेलं होतं. कोणत्याही दुकानात शिरल्यावर मी पहिल्यांदा काय बघतो? मापावरचा शिक्का कधीचा आहे ते. अठ्ठावीस वर्षं, रोज दहा दुकानं. माशांच्या बाजारात मला बघून लोक तराजू झाकतात. आणि त्या शनिवारी मी खाली वाकून चाकाच्या दांड्यावरची तारीखसुद्धा वाचली नव्हती, कारण चाक आमचं होतं.

"दिव्याखाली अंधार," भांडारबाई म्हणाल्या. त्या खात्याबद्दल बोलत होत्या. मी हो म्हणालो.

कागद सहा आठवड्यांनी आला. वजन बारा मिलिग्रॅमने हलकं भरलं होतं, ते बाद झालं. खालच्या ओळीत चाक होतं. रबराची धाव पाच मिलिमीटर झिजलेली. उपकरण शंभर मीटर दाखवतं तेव्हा प्रत्यक्ष अंतर शहाण्णव मीटर ऐंशी सेंटिमीटर. मी टेबलावर तो कागद वाचला, पाणी प्यायलो आणि पुन्हा वाचला. झिजलेलं चाक लहान होतं, लहान चाकाचे फेरे जास्त होतात आणि डबीत जास्त मीटर साठतात. हे मी नव्या उमेदवारांना दरवर्षी फळ्यावर काढून शिकवतो. दहा हजाराला नऊ हजार सहाशे ऐंशी. तीनशे वीस मीटर कमी. गणित थांबवायचा प्रयत्न केला, पण गणित थांबत नाही. त्या रविवारच्या वेगाने खरे दहा किलोमीटर पळायला मला एक तास एक मिनिट अडतीस सेकंद लागले असते. म्हणजे मी आयुष्यात कधीच दहा किलोमीटर तासाच्या आत पळालो नव्हतो. मला वाटलं आता काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी शिंकला. मला आधी हलकं वाटलं, जिन्यात सामान खाली ठेवावं तसं, आणि मग लगेच 'तीनशे साठ पावलं' आठवली आणि मी खुर्चीत ताठ झालो.

त्या संध्याकाळी ऑफिसातून मी थेट तलावावर गेलो. तीन वर्षांनी. बाकाचा रंग उडाला होता. खिशात तपासलेली, ताज्या शिक्क्याची टेप होती. बाकापासून पंपघराच्या भिंतीपर्यंत मी ती जमिनीवर टाकत, खूण करत, पुन्हा टाकत गेलो. एकशे साठ मीटर. जाऊन येऊन तीनशे वीस. मी भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. ती मिरवत नव्हती. अकरा वर्षं ती आपले राहिलेले मीटर पूर्ण करत होती. मला एकदाही म्हणाली नव्हती की तूही चल, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. मी बाकावर बसून स्वतःला दहा किलोमीटर देत होतो आणि ती मला ते घेऊ देत होती. जो तराजू जास्त देतो त्याची तक्रार कधी येत नाही. आमच्या खात्याला अशी चूक सापडतच नाही. आणि मग मला ते जुनं अंगण आठवलं. मी पाच वर्षांचा, ती नऊ. वडील ओरडायचे, पत्रपेटीला हात लावून आधी कोण येतं बघू, आणि ताई म्हणायची, "बारक्या, तू पळ. मी दहा मोजते." मी जीव खाऊन पळायचो. मागे तिचा आवाज यायचा, एक, दोन, तीन, आणि नेहमी मीच जिंकायचो. ती दहा किती हळू मोजायची हे मला वयाची त्रेपन्न वर्षं कळलं नव्हतं. तिथे पंपघराच्या भिंतीपाशी मी रडलो. जास्त नाही, पण रडलो, आणि पंपाची घरघर एवढी होती की कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.

आता कागद दाखवायचा होता. सोपं होतं, फोन उचलायचा आणि सांगायचं. मी रोज फोन उचलायचो आणि जिन्यातल्या दिव्याबद्दल विचारायचो. मला भीती तिच्या चिडण्याची नव्हती. ती म्हणेल, "अरे सोड, त्यात काय एवढं," आणि तो वॉर्डातला चेहरा करेल, फोनवरूनही तो ऐकू येतो, आणि मग ते कायमचंच झाकलं जाईल, ही भीती होती. माफी मागून रविवार परत मिळेलच असं नव्हतं. आणि मला रविवार परत हवा होता. म्हणून मी पळत राहिलो. खांब सोडून मी नदीकडचा लांब रस्ता धरला. पाच किलोमीटर झाले, सात झाले, एकदा साडेआठ झाले आणि घरी येऊन मी सोफ्यावर बुटांसकट झोपलो. बायकोने बूट काढले. "सांगून टाका ना त्यांना," ती म्हणाली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. कागद धुवायच्या पँटमध्ये राहिला होता.

शनिवारी मी फोन केला. दिव्याबद्दल विचारलं. दिवा ठीक होता.

"उद्या तलावावर आहेस का?" मी म्हणालो.

मधे किती रविवार गेले ते ती मोजत असणार.

"मी असतेच, बारक्या," ताई म्हणाली. "तू येतोस का, ते सांग."

सकाळी ती बाकापाशी उभी होती. केस पूर्ण पांढरे झाले होते, किंवा मी त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं. "गुडघा?" तिने विचारलं. "बरा आहे," मी म्हणालो, "नाकही बरं आहे." तिला ते कळलं नाही, पण ती हसली. आम्ही निघालो. तिने आपला वेग माझ्याएवढा केला आणि तसं केल्याचं दिसू दिलं नाही. कागद माझ्या चड्डीच्या मागच्या खिशात होता आणि दर पावलाला टोचत होता. पहिल्या फेरीत आम्ही भरपूर बोललो, तिच्या वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल, माझ्या निवृत्तीला किती वर्षं राहिली त्याबद्दल. दुसऱ्या फेरीत मी बोलायचं थांबलो कारण बोलणं परवडत नव्हतं. ती एकटीच बोलत होती, मग तीही गप्प झाली, आणि आमच्या दोघांच्या पावलांचा आवाज एकात एक मिसळला. पाणी डाव्या बाजूला होतं. पोटऱ्या ओरडत होत्या, छातीत भाता चालला होता आणि या सगळ्याच्या आत, अगदी मध्यभागी, पेपरवाल्या बाईंच्या उतारावरची ती तीस पावलं अजून चालूच होती. शेवटच्या वळणावर बाक दिसलं. मी घड्याळ लावलं नव्हतं.

बाकाशी आल्यावर ताई थांबली. ती पंपघराकडे गेली नाही. तिने बाकाच्या पाठीला हात लावला, टॉवेल घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "झाले दहा. शाब्बास."

ती खोटं बोलत होती. आयुष्यात मी तिला खोटा आकडा सांगताना ऐकलं नव्हतं, आणि आता ती माझ्याकडे न बघता मान पुसत होती. मला बसायचं होतं. बाक हाताच्या अंतरावर होतं, आणि दहा झाले होते असं माझी मोठी बहीण सांगत होती.

"नाही झाले," मी म्हणालो. श्वास जमवायला वेळ लागला. "तीनशे वीस राहिलेत."

मी कागद काढला. तो घामाने भिजून चौपदरी चिकटला होता. ताईने तो नर्सच्या बोटांनी हलकेच उलगडला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचला. खालची ओळ, शिक्का, तारीख, सगळं. मी म्हणालो, "अंगण वाकडंच होतं, ताई. आणि मीही वाकडं बोललो. चुकलं माझं." तिने मान वर केली. तो चेहरा मी शोधत होतो, वॉर्डातला, पण तो आला नाही. तिची हनुवटी थोडी हलली. मग तिने कागदाची पुन्हा घडी केली, आपल्या पिशवीत टाकली आणि नाक टॉवेलला पुसलं.

"बारा मिलिग्रॅम कसले रे?" तिने विचारलं.

"ती वेगळी गोष्ट आहे. नंतर सांगतो."

"बरं." तिने बाकाच्या पाठीवर हात टेकला, जुन्या अंगणात भिंतीला टेकायची तसा. "मग उभा काय राहिलायस? तू पळ. मी दहा मोजते."

मी पळालो. पायांत काही शिल्लक नव्हतं, तरी पळालो, किल्ल्या नाहीत, टाय नाही, वजन नाही, समोर पंपघराची भिंत आणि मागे तिचा आवाज. एक. मग बराच वेळ काही नाही. दोन. मी हसायला लागलो आणि हसता हसता पळत राहिलो. पहिला दिवा गेला, दुसरा दिवा गेला, पंपाची घरघर ऐकू यायला लागली. मी भिंतीला हात लावला आणि वळून बघितलं, तेव्हा ताई अजून बाकापाशीच उभी होती आणि सातवर होती.